व्हेलिइटीसाठी एक वाक्य

(स्वयंपाकघरात नळाचा थेंब रिकाम्या पातेल्यात पडतो. टप.)

मावशी : तो नळ अजून तसाच?

आई : वॉशर आणून ठेवलाय, ताई. बसवणारच आहे.

मावशी : मागच्या खेपेलाही बसवणारच होतीस.

आई : तेव्हा वॉशर नव्हता. जरा प्रगती बघ की. आणि हळू बोल, छकुली आत्ता कुठे मांडीवर झोपलीय. तेवढ्यात हा एक शब्द हातावेगळा करते. व्हेलिइटी.

मावशी : हा कसला आजार?

आई : इंग्रजी शब्द आहे गं, कोशातला. अर्थ द्यायचा आणि खाली वाक्यात वापरून दाखवायचा. अर्थ झाला : 'एखादी गोष्ट करावीशी वाटणे, पण उठून करण्याइतके न वाटणे.'

मावशी : आळस लिही आणि मोकळी हो.

आई : आळशाला वाटतसुद्धा नाही. इथे अगदी मनापासून वाटतं. फक्त ते वाटणं खुर्चीतून उठत नाही.

मावशी : आणि असं बोलतं कोण?

आई : कुणीच नाही. एखादा लेखक वापरतो, तोही मिरवायला. पण वाक्य द्यावंच लागतं. ऐक : 'नळ दुरुस्त करण्याची तिची इच्छा म्हणजे निव्वळ व्हेलिइटी होती.'

मावशी : कोशाचे साहेब परत पाठवतील.

आई : सकाळीच पाठवलं. म्हणाले, मॅडम, तुमच्या प्रत्येक उदाहरणात एक बाई असते आणि ती काहीतरी करणार असते. जगात इतरही माणसं आहेत.

मावशी : त्याच साहेबांना आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय ना, ऑफिसात पूर्णवेळ परत येतेस का ते? नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाईल.

आई : करते फोन.

मावशी : नवरा हो म्हणाला, पाळणाघर हो म्हणालं. आता अडलंय कुठे?

आई : फोन चार्जिंगला होता.

मावशी : बघू. पूर्ण झालाय की.

आई : ही झोपताना माझा अंगठा धरते, ताई. म्हणून तर एका हाताने टाइप करतेय. पाळणाघरात कुणाचा धरेल?

मावशी : मग नाही म्हणून कळव.

आई : तेही कळवणारच आहे.

छकुली : मी झोपलेच नाहीये.

आई : कधीपासून जागी आहेस गं, लबाडे?

छकुली : नळ वाजला तेव्हापासून. आई, तुला ऑफिसला जायचंय, की नुसतं वाटतंय?