वरातीपर्यंत

हॅलो?… शाकिर? आवाज का असा खोल येतोय तुझा?… हो, हो, निघतेच आहे. उद्या रिहाबचं लग्न आणि आत्याच नाही, असं होईल का? तुला आवडतं तसं कांदा भरलेलं बदकही घेतलंय…

खुबा? परत दुखतोय?… अरे, डॉक्टर म्हणालेत ना, स्टेरॉइडनं हाड आतून मेलंय, लग्न झालं की सांधा बदलू. तोवर काठी धर… कोण हसणार आहे वरातीत? व्याही? हसू देत की.

…थांब. काय बंद केलंस?… सगळ्या गोळ्या?… कधीपासून?… दोन आठवडे, शाकिर?

कोणी सांगितलं?… हाडवैद्यानं. अंड्याचा लेप लावतो आणि म्हणतो, हाड खाणाऱ्या गोळ्या सोड, वरातीपर्यंत पळायला लागशील. आणि तू ऐकलंस… अरे, माझी किडनी तुझ्या पोटात टिकलीय ती त्याच गोळ्यांवर… हो, हाडं त्यांनीच खाल्ली, माहितीय मला. पण खुबा नवा मिळतो रे. किडनी कुठून आणू मी?

ऐक… ऐक ना. लघवी होतेय?… लाजतोस काय, तुझे लंगोट बदललेत मी… कालपासून नाही? आणि पाय सुजलेत?… हॉस्पिटलला जा. उद्या नाही, आत्ता… आता नुसती गोळी गिळून नाही भागायचं.

…रागावले नाही मी. भीती वाटतेय मला. हवं तर तुझे पाय धरते… उपकार? इतक्या वर्षांत कधी बोलून दाखवलं?… मग आज दाखवते. माझी आहे ती. मला न विचारता मारायची नाही.

…रडू नकोस. रिहाबला दे फोन… दे म्हणते ना. नाहीतर तुझ्या व्याह्यांना फोन करते.

…रिहाब? बाळा, आत्या बोलतेय. बाबांनी किडनीच्या गोळ्या सोडल्यात… हो, सगळ्या. गाडी बोलाव, त्यांना आत्ता हॉस्पिटलला ने… मेंदी? दोन्ही हातांना?… पुसून टाक… नाही गं, रंग चढायची वाट नको बघूस… लग्नाचं नंतर बघू. बाबा उद्या जाऊ म्हणतील, ऐकू नकोस त्यांचं. मी थेट तिकडेच येते…

काय म्हणालीस?… तुझी किडनी देशील?

…मीही अशीच एका श्वासात म्हणाले होते, बाळा. हात धू. निघ.