शेळीच्या चित्राला दिलेला नकार

परदेशाचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. आम्ही उभयता मुलाकडे स्वित्झर्लंडला गेलो असता तिथल्या एका चित्रकार बाईंचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. एका लहानशा चित्रात काळी शेळी होती, हुबेहूब आमच्या तामलवाडीची. मी हरखून तिचे लोंबते कान वाखाणले. मुलाने भाषांतर करताच बाईंनी ते चित्र भिंतीवरून उतरवून माझ्यापुढे धरले.

"बाबा, भेट देताहेत."

"छे, छे, कशाला?" मी रीतीप्रमाणे म्हणालो. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणावे आणि तिसऱ्या आग्रहाला घ्यावे. बाईंनी मात्र मान डोलावून चित्र पुन्हा खिळ्याला अडकवले. माझा जीव तिथेच टांगला गेला.

मग त्यांनी घरचा केक आणला. त्यांचे विचारणे संपण्यापूर्वीच मी बशी घेतली.

"केकाला व्हय आन् शेळीला न्हाय?" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांनी बाईंचा हात धरला, भिंतीकडे बोट दाखवले आणि थेट मराठीतच सांगितले, "द्या वं ताई, लई आवडलीया त्यांना. उगं लाजत्यात."

आता ते चित्र आमच्या बैठकीत आहे. "बाईंनी फारच आग्रह केला," असे मी पाहुण्यांना सांगतो.

"आग्रह झाला," चहा ठेवत सौभाग्यवती म्हणतात, "पर त्यो म्या केला."