बाप्तिस्म्यातला धपाटा

इंदरगंजच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. शरयूनं मासिक उघडलं, पण कान शेजारी बसलेल्या काकू-पुतणीकडेच.

"काकू, गरिमाताईच्या बाळाचा बाप्तिस्मा कसा झाला? मेरा पेपर था, नाहीतर आलेच असते."

"छान झाला गं. बाळाची आत्या, क्लॅरा, त्याला घेऊन उभी होती. फादरनी डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाले, 'नील, मैं तुम्हें पिता और पुत्र और पवित्र आत्मा के नाम पर बपतिस्मा देता हूँ.'"

"मग?"

"मग काय, नाव पुकारलं आणि आत्या पुढ्यातच. घातला तिच्या पाठीत धपाटा."

"काकू, चर्चमध्ये?"

"बारशात नाव ठेवलं की आत्याला घालतोच ना आपण. हात आपोआप उठला. सगळे माझ्याकडेच बघायला लागले. म्हटलं, संपलं, आता लेकीच्या सासरी तोंड कसं दाखवू?"

"क्लॅरा चिडली असेल."

"कुठली. गरिमानं तिला हळूच आपली रीत सांगितली. मी मान खाली घालून बाहेर आले, तर ही बाळाला घेऊन माझ्यासमोर पाठ करून उभी."

"क्यों?"

"म्हणाली, 'माँजी, एक ही मारा. रस्म अधूरी मत छोड़िए.'"