गणपतरावांचा पुतळा, यांचा चेहरा

तुझ्या पेपरात लिहिण्याआधी मला एक सांग, मिनल — जिवंत नवऱ्याच्या चेहऱ्याला हार घातलेला कोणत्या बाईला बघवेल? नाही, पुतळा यांचा नव्हताच. पुतळा गणपतरावांचा — जुन्या पोथ्यांचे एवढे मोठे अभ्यासक, विद्यापीठात त्यांचा कांस्यपुतळा उभारायचं ठरलं आणि समितीचे अध्यक्ष झाले आमचे हे. गणपतरावांचा एकही फोटो उरलेला नाही, असं यांनी सभेत सांगितलं. मूर्तिकारानं विचारलं, मग चेहरा कुणाचा घेऊ? हे म्हणाले, विद्वानाचा घ्या — आणि त्याची सोय व्हावी म्हणून स्वतःच समोर बसले.

मी? मी तर उलट अनावरणाला आमच्या प्रताप नगरातल्या बायकांना मुद्दाम घेऊन गेले. विद्यार्थी म्हणायचे, “सर, पुतळा तुमच्यासारखाच दिसून राहिला.” हे म्हणायचे, “व्यासंगानं चेहरे सारखे होतात.” मी हसायची — रोज देवापुढे दिवा लावणारी बाई, हसायची.

मग आली गणपतरावांची पुण्यतिथी. कुलगुरूंनी पुतळ्याला हार घातला, उदबत्ती लावली, सगळे माना खाली घालून उभे — आणि हे पहिल्या रांगेत, स्वतःच्याच श्राद्धाला आल्यासारखे. शेजारची प्रेमिला माझ्या कानाशी लागली, “काहून वं गोपिका, साहेब तर धडधाकट आहेत, मग हार काहून?” माझा हात आपोआप कुंकवाकडे गेला.

फोटो? होता ना — गणपतरावांची नात वैभवी समितीसाठी म्हणून आमच्याच घरी देऊन गेली होती. यांनी तो सत्काराच्या शालींखाली ठेवला. मला केव्हा कळलं? अगं, त्या शालींच्या घड्या मीच घालते — म्हणजे, पुढे कधीतरी कळलं. पुण्यतिथीनंतर मीच तो कुलगुरूंकडे पाठवला. सत्यासाठी पाठवला, असं लिही. — हार घातला नसता तर पाठवला असता का, म्हणतेस? चहा घे, निवतोय.

पुरे आता, ऊठ. यांना भेटता येणार नाही, ते कुणालाच भेटत नाहीत. विद्यापीठानं पुतळ्याचं डोकं कापून उतरवलं, त्याच धातूतून गणपतरावांचं ओतायचं ठरवलं, आणि देखरेखीला बसवलं अध्यक्षांनाच. भट्टीसमोर खुर्ची टाकून हे बसले होते, आपला चेहरा तुकड्यातुकड्यानं मुशीत पडताना बघत.