उतारावर मोजलेलं तेल

चौऱ्याऐंशी साल, शिमग्याची पालखी देवळात परतून तिसरा दिवस. वाद साडेसात लिटर इंजिन तेलाचा. हजर चौघे: गावचे मानकरी गावकर, देवीचे गुरव, माझा चुलत भाऊ सुरेश आणि मी. देवळाच्या पायरीवर बसून सुरेश म्हणाला, दादा, महिन्याला साडेसात लिटर तेल इंजिन पीत नसतं, माणसं पितात. काय सांगू तुम्हाला, चार वर्षं झाली, अजून ते वाक्य आठवलं की कान तापतात माझे.

मी सावर्ड्याच्या आतल्या अंगाचा. सातवीपर्यंत शिकलो, मग पोफळीला एका मेस्त्रीच्या हाताखाली गाड्यांखाली आडवा पडून हात काळे केले. ते मेस्त्री सांगायचे, इंजिनाला किती घातलंस ते रोज लिही, नाहीतर त्याचं दुखणं तुला कळायचं नाही. तेव्हापासून लिहितो. सुरेश मुंबईला कंपनीत, त्याने घाटावरून जुना ट्रॅक्टर आणला आणि म्हणाला, दादा, तुझ्याशिवाय कोणाच्या हातात देणार. मी सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खाणीतून जांभ्याचे चिरे वाहायला लागलो. इंजिन जुनं, रिंगा झिजलेल्या, चालू करताना जरा निळा धूर. रोज पाव लिटर तेल घालावं लागायचं, मी घालायचो आणि लिहायचो. तीस दिवसांचे साडेसात लिटर, सरळ हिशेब आहे.

आता आमच्याकडची जमीन तुम्हाला माहीत आहे, सपाट म्हणून जागा नाही. सकाळी गार इंजिनाला सेल्फ उचलत नाही, म्हणून आमचे सगळे ड्रायव्हर ट्रॅक्टर नाक उताराला करून उभा करतात, सकाळी ब्रेक सोडला की गडगडत चालू होतो. एकदा तापला की दिवसभर सेल्फ लागतो. उतारावर तेलाचं माप चुकतं, म्हणून मी तेल वर खाणीवर बघायचो. कातळ सपाट, चिरे भरायला अर्धा तास, इंजिन बंद, वर उडालेलं तेल खाली उतरलं की मग तेल मोजायची पट्टी काढायची. आणि सुरेशने काय केलं? संध्याकाळी मी आलो, उतारावर बंद केला आणि पाय धुवायला गेलो, तेवढ्यात त्याने पट्टी ओढून बघितली. तेल पुढच्या अंगाला गेलेलं, निम्मं अजून वर इंजिनात. पट्टीवर खालच्या खुणेच्याही खाली. वहीत मात्र सकाळी पाव लिटर घातल्याची नोंद. झालं, तेल घातलंच नाही, विकलं. मला विचारलं नाही हो, सरळ गावकरांकडे गेला.

गावकर म्हणाले, कौल लावू. म्हणजे देवीच्या पाषाणाला दोन बाजूंना फुलांचे कळे चिकटवायचे, आधी उजवा पडला तर मी खरा, डावा पडला तर चोर. मी म्हटलं, देवीपुढे मी रोज हात जोडतो, पण इंजिन किती तेल पितं हे तिला विचारायचं नाही, इंजिनाला विचारायचं. पाच लिटरचा नवा डबा गुरवांच्या घरी ठेवा, माझा हात लागायला नको. दहा दिवस रोज त्यांनीच खाणीवर यायचं, त्याच कातळावर, तेवढाच वेळ थांबून, वरच्या खुणेपर्यंत मापाने घालायचं. आणि डिझेलही मोजायचं.

सुरेशने रजा वाढवली, मला पकडायला. रात्री इंजिनाखाली कागद अंथरायचो, सकाळी त्यावर दोन थेंब, म्हणजे गळती नाही, जळतं तेवढंच जातं. दहाव्या दिवशी गुरवांनी डबा मोजला. अडीच लिटर गेलं होतं. डिझेल दोनशे ऐंशी लिटर. शंभर लिटर डिझेलला एक लिटर तेलसुद्धा नाही. जुन्या इंजिनाला हे चालायचंच, रोज तेवढंच लागतंय तोवर घाबरायचं नाही, पाव लिटरचं अचानक अर्धा लिटर झालं तर इंजिन खोलायचं. हे मी सुरेशला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. विचारलं असतं तर.

सुरेश गुरवांना म्हणाला, देवीला नारळ द्या, माझी शंका फिटली. मी म्हटलं, सुरेश, चौघांत बोललास, चौघांतच मागे घे. तर म्हणतो कसा, दादा, तू घरातलाच, घरात कसली माफी मागायची. घरातला! पायरीवर बसून बोललास तेव्हा मी कुठला होतो रे? गावकर खाली बघून पान लावत बसले.

ट्रॅक्टर अजून मीच चालवतो, दुसरं काय करणार, हातात तेवढंच आहे. तेल अजून पाव लिटरच लागतं. वही आता सीटखाली ठेवत नाही, मडगार्डला तारेने टांगली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी. सुरेशचं पत्र येतं, तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार. देवी त्याच्या मुलाबाळांना सुखात ठेवो. भरपाई काय मिळाली विचारता, तर एक नारळ दिला त्याने, आणि तो देवीला. तिला तर कोणी चोर म्हटलं नव्हतं.