अर्ज एकाचाच

बायको : लिसन?

नवरा : टू. लिसन टू.

बायको : ताट नीट पुस, ओघळतंय. डिस्कस?

नवरा : अबाऊट.

बायको : परत तेच! डिस्कसच्या पुढे काही लागत नाही. उद्या परदेशी हॉस्पिटलच्या मुलाखतीत माती खाशील. वेट?

नवरा : फॉर. अगं, तू घासतेस भराभर. मी पुसू कधी नि आठवू कधी?

बायको : एका भांड्याला एक शब्द, हे खूळ तुझंच. अप्लाय?

नवरा : फॉर.

बायको : माझा अर्ज का नाही भरलास?

नवरा : काय?

बायको : भरतीच्या ऑफिसात फोन केला होता. तुझ्यानंतर माझी मुलाखत कधी, एवढंच विचारायला. बाई म्हणाल्या, तुमचा अर्जच नाही. एकाचाच आलाय.

नवरा : काहीतरी घोळ असेल त्यांचा.

बायको : माझ्याकडे बघून बोल.

नवरा : बरं, नाही भरला. आधी मी जातो, बस्तान बसवतो, मग तुला...

बायको : लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या लावतानासुद्धा हेच शब्द पुटपुटत होते मी. पोरी फिदीफिदी हसायच्या. मला वाटलं, आपण दोघं जाणार. आणि मी कोण, तर तुझी फुकटची मास्तरीण!

नवरा : तसं नाही गं. तू नापास झाली असतीस तर...

बायको : मी? नापास?

नवरा : नाही. पास झाली असतीस. तेच तर. मग आईकडे कोण बघणार?

बायको : हे तोंडावर सांगायचंस. मी भांडले असते, रडले असते. केसाने गळा कापलास रे माझा.

आई : (स्वयंपाकघराच्या दारात येऊन) त्यात माझं नाव नको घेऊस.

नवरा : आई, तू जागी आहेस?

आई : मी तुझ्या बहिणीकडे राहायला जाणार आहे. तिच्याशी बोलणंही झालंय. तुमच्या दोघांच्या मुलाखती झाल्या की सांगणार होते.

नवरा : मला काय माहीत!

आई : विचारलंस कधी मला?

नवरा : बरं, चुकलं माझं. अजून मुदत असेल ना? उद्या दोघं मिळून जाऊ, तुझाही अर्ज भरू.

बायको : मुदत आहे. विचारून घेतलंय मी.

नवरा : मग झालं तर!

बायको : त्यांच्याकडे तिकडच्याच दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलचीही जागा आहे. मी तिथला भरणार आहे.