हस्त नक्षत्रातल्या दोन शेपट्या

जमलेल्या दादांनो, बायांनो, रत्नमालाच्या लेकरांनो,

बोलायला उभी राहिले खरी, पण जे सांगायचंय, ते शोकसभेत कोणी सांगत न्हाई. मी रत्नमालावर जळत होते. आजही जळते.

तुमी तिला दवाखान्यातली सिस्टर म्हणून ओळखता. मी ओळखते ती साखऱ्याच्या माळावर दुर्बिणीपाशी उकिडवी बसलेली बाई. दुर्बीण आमच्या दोघींची. हट्टही एकच. हस्त नक्षत्राजवळ दोन दीर्घिका आहेत, म्हणजे ताऱ्यांची दोन अफाट गावं. त्या एकमेकींत घुसून एक होऊन राहिल्यात. त्या ओढाताणीत तारे बाहेर फेकले गेले आणि नाकतोड्याच्या मिशांसारख्या दोन शेपट्या निघाल्या. फार अंधुक. त्या दोन्ही फोटोत धरायच्या, एवढंच आमचं वेड.

मी शाळेत विज्ञान शिकवणारी. मला वाटायचं, हा फोटो माझाच. किती उन्हाळे धडपडले! कधी ढग, कधी धूळ, कधी कोणाच्या शेतातल्या आखाड्यावरचा दिवा. आणि मी कनेरगाव नाक्याला भाचीच्या लग्नात पंगत वाढत होते, तेव्हा हिनं काढला. दोन्ही शेपट्या!

दुसऱ्या दिवशी दाखवायला आली. मी म्हणाले, "तारे लांबट आलेत. दुर्बीण हलली वाटतं."

"व्हय, आलेत," ती हसली. "तू काढ ना मग."

सांगा, अशा बाईवर जळू नाही तर काय करू?

यंदा ती अंथरुणाला खिळली. मी एकटीच माळावर जात राहिले. एकदा हवा धुतल्यासारखी स्वच्छ मिळाली. फोटो घेऊन तिच्या खाटेपाशी धावले. तिनं चष्मा मागितला. बराच वेळ बघितलं. हसली न्हाई.

"खालची शेपूट माझ्यापेक्षा लांब आली तुझी." मग तिनं मान फिरवली. "काहून दाखवला गं? जीव जळून राहिला ना माझा. उठू दे मला. पुढच्या उन्हाळ्यात बघते तुला."

बायांनो, किती महिन्यांनी तिचा आवाज असा कडक निघाला होता! मला नाचावंसं वाटलं. ती माझ्यावर जळत होती. म्हणजे तिला जगायचं होतं.

पुढचा उन्हाळा तिला मिळाला न्हाई.

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कोणी बोलू नका.

आता दुर्बिणीवर तुझी पाळी आहे गं, रत्नमाला. जयभीम.